इंग्लंडमध्ये काउन्सिल फ्लॅटमधला शेजारी छळतोय? तक्रार कशी करायची

लंडनला नोकरीसाठी आलं की एजंट हमखास एखादा एक्स-काउन्सिल, म्हणजे पूर्वी काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) मालकीचा फ्लॅट दाखवतो, खोल्या मोठ्या, भाडं त्यातल्या त्यात कमी, म्हणून आपण घेऊनही टाकतो. हे फ्लॅट १९८० नंतर राइट टू बाय स्कीममध्ये भाडेकरूंनी विकत घेतलेले, पण त्याच बिल्डिंगमधली बाकीची बरीच घरं अजून काउन्सिलचीच असतात. मग वर रात्री दोनला म्युझिक सुरू झालं की जायचं कुणाकडे, कारण इथे आपल्यासारखा सोसायटीचा सेक्रेटरी नसतो.

सगळ्यात आधी त्रास देणाऱ्याचं घर कुणाचं आहे ते बघा. काउन्सिलचा भाडेकरू असेल तर काउन्सिलचं हाउसिंग ऑफिस, हाउसिंग असोसिएशनचं (कमी भाड्याची घरं देणारी ना-नफा संस्था) घर असेल तर ती संस्था. एंट्रन्सच्या बोर्डवर बहुतेक वेळा मालक संस्थेचं नाव असतं. आणि हो, तुम्ही स्वतः प्रायव्हेट भाडेकरू असलात तरी काउन्सिलच्या भाडेकरूविरुद्ध तक्रार करू शकता.

मग त्रास नक्की काय आहे ते ठरवा. २०१४ च्या कायद्यात अँटी-सोशल बिहेवियर (एएसबी), म्हणजे समाजाला त्रासदायक वर्तन, यात घरात राहणाऱ्याला उपद्रव होईल असं वागणं बसतं, म्हणजे सारखं मोठ्याने म्युझिक, धमक्या, शिवीगाळ, जिन्यात ड्रग्जचा धंदा. बाळाचं रडणं, पावलांचा आवाज, दिवसा चालणारं वॉशिंग मशीन यात सहसा बसत नाही, आणि आपल्या लसणाच्या फोडणीचा वासही बसत नाही, हे लक्षात ठेवा कारण तक्रार आपल्यावरही होऊ शकते. रंगावरून किंवा धर्मावरून शिव्या दिल्या तर थेट पोलिसांना १०१ वर कळवा, जिवाला धोका वाटला तर ९९९.

आता खरं काम म्हणजे डायरी. ऑफिसर तुमच्या रागावर काही करू शकत नाही, कागदावर करतो. "वरचे रोज त्रास देतात" याला काही किंमत नाही. "शनिवार, रात्री ११:४० ते २:१०, बेसचा आवाज, बेडरूमच्या भिंतीला हादरे, मुलगी दोनदा उठली" असं लिहा, त्याच दिवशी लिहा, शांत दिवसांबद्दल खोटं लिहू नका. बऱ्याच काउन्सिल आवाजासाठी नॉइज ॲप वापरतात, त्यात फोनवरून रेकॉर्डिंग पाठवता येतं. दुसऱ्याच्या खिडकीतून व्हिडिओ काढू नका आणि झाडूने छत बडवून उत्तर देऊ नका, उद्या तेच तुमच्यावर शेकेल.

तक्रार ऑनलाइन किंवा फोनवर करा, पण रेफरन्स नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. केस कुणाकडे आहे, पुढचं पाऊल काय, अपडेट कधी मिळणार, माझं नाव समोरच्याला कळेल का, एवढं विचाराच. काउन्सिलला आपली एएसबी पॉलिसी जाहीर करावीच लागते, ती वेबसाइटवर वाचून ठेवली की बोलताना बरं पडतं.

पुढे काउन्सिल पायरीपायरीने जाते. आधी बोलणं, वॉर्निंग लेटर, कधी मीडिएशन (मध्यस्थामार्फत समेट), किंवा नीट वागेन असं सही करून घेणं. मग लेखी वॉर्निंग देऊन कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस (त्रास थांबवा असा लेखी आदेश), कोर्टाकडून इंजंक्शन (मनाई हुकूम), ड्रग्जचा अड्डा असेल तर घर तीन महिन्यांपर्यंत बंद करणारा क्लोजर ऑर्डर (जुन्या लोकांच्या तोंडी अजून आस्बो हा जुना कोर्टाचा आदेश असतो, तो आता इथे नाही). आवाजाचं प्रकरण काउन्सिलच्याच एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याकडेही जातं, त्यांनी दिलेली नोटीस मोडली तर खटला होऊ शकतो. घराबाहेर काढणं अगदी शेवटी आणि तेही कोर्टातूनच, नव्या भाडेकरूची बहुधा एक वर्षाची ट्रायल टेनन्सी असते तेव्हा ते जरा सोपं पडतं. समोरचा मानसिक आजारी असेल तर काउन्सिलला तेही बघावं लागतं, तेव्हा वेळ लागतो. चीड येते, पण नियम मला तरी योग्यच वाटतो.

काहीच हललं नाही तर एएसबी केस रिव्ह्यू मागा, आधी याला कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे. सहा महिन्यांत तीन तक्रारी ही साधारण अट, आणि प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याच्या आत केलेली हवी, म्हणून "बघू पुढच्या वेळी" करत बसू नका. रिव्ह्यूत काउन्सिल, पोलीस, हाउसिंगवाले एकत्र बसून काय केलं, काय राहिलं ते तपासतात. काउन्सिलच्याच कामाबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांच्या कम्प्लेंट प्रोसेसच्या दोन्ही स्टेज पूर्ण करा, मग तुम्ही काउन्सिलचे भाडेकरू किंवा लीजहोल्डर (काउन्सिलच्या बिल्डिंगमधला फ्लॅट दीर्घ मुदतीच्या लीजवर विकत घेतलेले) असाल तर हाउसिंग ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी. प्रायव्हेट भाडेकरूला तो दरवाजा बंद, त्याने एन्व्हायर्नमेंटल हेल्थच्या ढिलाईबद्दल लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जायचं, तिथे फी लागत नाही.