स्कूल बसमध्ये चढता-उतरताना: लेकरांना काय शिकवायचं आणि आपण कुठं उभं राहायचं

शाळेची बस सकाळी घराच्या बाजूला थांबत असली तर दुपारी ती रस्त्याच्या पलीकडं थांबणार, कारण जाताना एका बाजूनं जाते, येताना दुसऱ्या बाजूनं येते आणि दार कायम डावीकडंच असतं. एवढी साधी गोष्ट, पण ॲडमिशन घेताना, बसची फी भरताना कुणीच विचारत नाही की दुपारी लेकरू कोणत्या बाजूला उतरणार. सकाळी ते ताजंतवानं असतं, आई सोबत असते, रस्ता ओलांडायचाच नसतो. दुपारी भूक लागलेली, डोळ्यावर झोप, पाठीवर दप्तर, आणि ओलांडायचं नेमकं तेव्हाच.

त्यात आपण काय करतो, तर घराच्या बाजूला लिंबाच्या सावलीत नाहीतर टपरीपाशी गाडी स्टँडवर लावून बसतो (एवढ्या उन्हाचं पलीकडं कोण जाईल) आणि बस आली की हात वर करून "ये ये, इकडं ये" म्हणतो. लेकराला आई दिसली की रस्ता दिसत नाही हो, खरंच दिसत नाही, ते सरळ पळत सुटतं. म्हणून सगळ्यात पहिलं, आणि माझ्या मते अर्धं काम यातच होतं: न्यायला जाणाऱ्यानं बसचं दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला जाऊन उभं राहायचं, बस यायच्या आधी. पलीकडून हाक मारायची नाही, हात करायचा नाही, चॉकलेट दाखवायचं नाही. उशीर झाला आणि पलीकडंच राहिलात तर पंजा दाखवून "थांब" म्हणायचं आणि आपण ओलांडून जायचं. हे घरातल्या सगळ्यांना सांगा, आजोबांना जरा जास्तच सांगा, कारण दुपारी न्यायला बऱ्याच घरांत आजोबाच जातात आणि नातू दिसला की त्यांना राहवत नाही.

आता बसचं. आत बसलेलं लेकरू तसं बरंच सेफ असतं, धोका असतो तो बसच्या बाहेर, चारी बाजूंनी साधारण दहा फुटांच्या पट्ट्यात. ड्रायव्हर उंचावर बसतो, त्याला लांबून येणारा ट्रक दिसतो पण बंपरला खेटून उभं असलेलं पहिलीतलं पोरगं दिसत नाही, आणि डाव्या बाजूला दोन चाकांच्या मधी कोणी असलं तर ते आरशात आलं तरच दिसतं. मागचं चाक तर लई वाईट. बस वळायला लागली की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, आतल्या बाजूनं कापत येतं, त्यामुळं बसच्या कडेकडेनं पळणारं लेकरू पुढच्या चाकापासून वाचतं आणि मागच्याच्या तावडीत सापडतं.

हे तोंडी सांगून काही उपयोग नाही, लेकरं मान हलवतात आणि विसरतात. त्यापेक्षा रविवारी बसवाले काका बस धुवायला काढतात तेव्हा त्यांना विचारून लेकराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, चावी काढलेली पाहिजे, आणि तुम्ही बंपरसमोर खाली उकिडवं बसा. विचारा, मी दिसायलो का? नाही म्हणेल. मग त्याची वॉटर बॅग डाव्या चाकापाशी ठेवा आणि परत विचारा. मग तसंच बसल्या बसल्या मागं मागं सरका आणि तुमचं डोकं त्याला दिसायला लागलं की तिथं खडूनं रेघ मारा. खाली उतरवून ती रेघ ते बंपर हे अंतर त्याच्याच पावलांनी मोजायला लावा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा रेघ बरीच लांब निघते आणि हे बघितलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगत बसतं, तुम्हाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

यातूनच पुढचा नियम निघतो, पडलं ते पडू दे. टिफिनचं झाकण, कंपासपेटी, क्राफ्टचा कागद बसखाली गेला की लेकरू वाकून हात घालतं, आणि वाकलं की होतं तेवढंही दिसत नाही. वस्तू पडली तर उचलायची नाही, बसमधल्या मावशीला नाहीतर काकांना सांगायचं, त्यांनी ऐकलं नाही तर बस निघून गेल्यावर बघायचं, चेपली तर चेपली. आणि मग घरी आल्यावर कंपासपेटीवरून बोलू नका हो, नाहीतर पुढच्या वेळी ते हात घालणारच. बस चुकण्याचंही तेच. ज्या घरात बस चुकली की आरडाओरडा होतो त्या घरातलं लेकरू सुटलेल्या बसमागं पळतं, पत्र्यावर हात मारतं. "गेली तर जाऊ दे, मी गाडीवर सोडतो" हे त्याला शांतपणे आधीच सांगून ठेवायचं. पाच मिनिटं आधी निघालं की यातलं निम्मं होतच नाही म्हणा.

चढताना फार काही नाही. रस्त्याच्या कडेपासून चार-पाच पावलं मागं लाईन करून उभं राहायचं, बस पूर्ण थांबून दार उघडेपर्यंत हलायचं नाही, एक हात दांडी धरायला मोकळा पाहिजे. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात प्रोजेक्टचा थर्माकोल असला तर ते चढणार कसं, तो थर्माकोल तुम्ही मावशीच्या हातात द्या. आणि शेवटचं लेकरू सीटवर टेकल्याशिवाय गाडी हलू नये, हे काकांशी एकदा स्पष्ट बोलून घ्या.

उतरताना मात्र दोन गोष्टी अशा आहेत ज्यांच्याकडं आपलं लक्षच नसतं. एक म्हणजे काहीतरी अडकणं. ओढणी, आयकार्डची दोरी, वॉटर बॅगचा पट्टा, जर्किनच्या टोपीची दोरी. दप्तराचा पट्टा कमी-जास्त करायला प्लास्टिकचं बक्कल असतं ना, त्याच्याखाली वीतभर पट्टी लोंबत असते आणि तिच्या टोकाला दुमडून शिवलेला जाड भाग असतो. दांडी जिथं पत्र्याला बसवलेली असते तिथं बारीक फट असते, पट्टी त्यात सहज जाते आणि ओढलं की ते जाड टोक आतून अजून पक्कं बसतं. लेकरू खाली, पट्टी वर, ड्रायव्हरचं लक्ष आरशातून मागच्या गाडीवर, आणि बस निघाली. आजच दप्तर घ्या, चार बोटं पट्टी ठेवून बाकीची कापा, टोक मेणबत्तीवर धरून सील करा, नाहीतर नुसती गुंडाळून रबर लावा तरी चालतं. आयकार्ड उतरताना शर्टाच्या आत, ओढणी मुलींनी खोचून नाहीतर गाठ मारून. पावसाळ्यात रेनकोटची टोपी डोळ्यावर येते आणि बाजूचं काही दिसत नाही, उतरायच्या आधी ती मागं सारायची, डोकं ओलं झालं तर होऊ द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे डावीकडून घुसणारे मोटरसायकलवाले. बस आणि कडेचा कच्चा रस्ता यांच्यात तीन फूट जागा दिसली की आपल्याकडं कुणीतरी बाईक घालणारच, संभाजीनगरचा जालना रोड असो नाहीतर गल्लीतला रस्ता. म्हणून शेवटच्या पायरीवर थांबून आधी डाव्या हाताला, म्हणजे बसच्या मागच्या बाजूला बघायचं आणि मगच पाय खाली टाकायचा. मावशी असेल तर तिनं आधी उतरून आडवा हात धरायचा आणि मग लेकरं उतरवायची, वर बसूनच "चला चला उतरा" म्हणणाऱ्या मावशीचा काय उपयोग.

उतरल्यावर सरळ कडेला लांब जायचं आणि थांबायचं. इथं एक सांगायलाच पाहिजे. अमेरिकेतले कार्टून आणि रील बघून लेकरं शिकतात की बसच्या पुढून दहा फुटांवरून ओलांडायचं. तिकडं पिवळी बस थांबली की बाजूनं स्टॉपची पाटी बाहेर येते आणि गाड्यांना थांबावंच लागतं. आपल्याकडं स्कूल बस थांबली म्हणून कोण थांबायलंय, उलट बस उभी दिसली की ओव्हरटेक मारतात आणि बसच्या पुढून बाहेर आलेलं लेकरू त्यांना शेवटच्या क्षणाला दिसतं. त्यामुळं आपल्याकडं बसच्या पुढूनही नाही आणि मागूनही नाही, बस निघून जाऊ द्यायची, दोन्ही बाजूचा रस्ता मोकळा दिसायला लागला की आधी उजवीकडं, मग डावीकडं, परत उजवीकडं बघून मोठ्या माणसाचा हात धरून चालत ओलांडायचं. तिसरी-चौथीपर्यंत तरी एकट्यानं नाहीच, कारण लांबून येणारी गाडी किती जोरात येतीये हा अंदाज त्या वयात नसतो, लेकरू कितीही हुशार असलं तरी.

सगळ्यात बेस्ट म्हणजे ओलांडायचीच वेळ येऊ द्यायची नाही. पुढच्या डिव्हायडरच्या गॅपमधून बस वळवून येताना घराच्या बाजूला सोडता येते का, दुपारचा रूट उलटा फिरवता येतो का, हे विचारा. काका म्हणतील डिझेल जातं. मग शाळेत जा. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला पाहिजे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, शिवाय पालकांचे प्रतिनिधी, पोलीस आणि आरटीओचे लोक. थांबे कुठं असावेत हा त्यांचाच विषय आहे. बऱ्याच ठिकाणी ही समिती फक्त रजिस्टरमध्ये असते, पण चार-पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला की मीटिंग लागते. बसमध्ये अटेंडंट पाहिजे, मुली असतील तर बाईच पाहिजे, हेही नियमातच आहे, ती काही शाळेची मेहेरबानी नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादला शाळेची बस यमुनेत कोसळून २८ लेकरं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टानं जे नियम घालून दिले त्यात अटेंडंट, दाराला नीट कुलूप, खिडक्यांना आडवे गज, ड्रायव्हरला किमान पाच वर्षांचा अनुभव, हे सगळं आलेलं आहे. तेव्हा विचारताना लाजू नका.

ड्रायव्हर आणि मावशीकडून अजून तीन गोष्टी मागून घ्या. गल्लीत बस रिव्हर्स घ्यावी लागत असेल तर सकाळी आधी लेकरं आत घ्यायची आणि मग रिव्हर्स, दुपारी आधी रिव्हर्स आणि मग लेकरं उतरवायची, म्हणजे मागं जाताना एकही लेकरू खाली नसतं. दुसरं, बालवाडी ते दुसरीचं लेकरू ठरलेल्या माणसाच्याच हातात द्यायचं, कुणी आलं नसेल तर थांब्यावर सोडून जायचं नाही, बसमध्येच ठेवून फोन लावायचा, लागला नाही तर शाळेत परत न्यायचं. शेजारचे न्यायला जाणार असतील तर तुम्ही आधी मावशीला फोन करायचा, आयत्या वेळी "मी त्यांचा मामा आहे" चालणार नाही. तिसरं, फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन सीटखालीसुद्धा बघायचं. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशी पार करतो, बंद गाडी किती लवकर तापते ते सांगायला नको, आणि लहान लेकरं मागच्या सीटवर आडवी होऊन झोपतात. लेकरालाही सांगून ठेवा की गाडीत एकटं राहिलास तर पुढं जाऊन हॉर्न दाबून धरायचा, सोडायचा नाही. रविवारी सीटवर बसवाल तेव्हा हॉर्न कुठं आहे तेही दाखवा आणि चावी काढलेली असताना तो वाजतो का ते बघून घ्या, लेकरं हे आवडीनं शिकतात.

व्हॅन किंवा रिक्षा असेल तर उजव्या बाजूचं दार आतून लॉक, रिक्षाला उजवीकडं आडवा गज किंवा जाळी, चढणं-उतरणं फक्त डावीकडून. ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर कुणाचंही लेकरू बसवू देऊ नका, आपलं नसलं तरी बोला.

खेड्यापाड्यातल्या लेकरांचं वेगळंच असतं. त्यांची बस म्हणजे एसटी, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींसाठी दिलेल्या निळ्या बस येतात. फाट्यावर पोरं-पोरी हायवेला लागूनच उभ्या असतात, एसटी कधी बरोबर समोर थांबत नाही, वीस-तीस पावलं पुढं जाते आणि सगळा घोळका जागा पकडायला बसच्या कडेनं पळतो, म्हणजे नेमकं मागच्या चाकाच्या बाजूनं. थांबेपर्यंत जागा सोडायची नाही, थांबल्यावर चालत जायचं, उभ्यानं जावं लागलं तर जाऊ. रुमाल टाकायला खिडकीला लटकणाऱ्यांना सरपंचांनी नाहीतर गावातल्या एखाद्या मास्तरांनी दोन दिवस फाट्यावर उभं राहून दम दिला तरी फरक पडतो. काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटलेला असला की पायरीवरून पाय सटकतो, आधी दगडावर घासून मग चढायचं.

आणि ऊस सुरू झाला की, दिवाळीच्या आसपासपासून, लातूर, धाराशिव, परभणीकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं चालतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ड्रायव्हरनं गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की हाक तर सोडाच, हॉर्नसुद्धा त्याला ऐकू येत नाही. ट्रॅक्टर गेला म्हणून लेकरू पाय टाकतं आणि मागून ट्रॉली येतेच, दुसरी ट्रॉली गेली का बघितल्याशिवाय निघायचं नाही. हिवाळ्यात सकाळी लवकरची बस असेल तर अंधार आणि धुकं दोन्ही असतं, गडद निळा स्वेटर कुणालाच दिसत नाही. नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडं जा, त्याच्याकडं कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, मागितल्या तर बऱ्याचदा तशाच देतो. एक पट्टी दप्तराला मागून, दोन खांद्याच्या पट्ट्यांवर पुढून. कापडावर नुसती चिकटवली तर आठवड्यात निघते, वरून चार टाके घाला.