हुकूमशाहीचा अभ्यास सुरू करताना: तारखा, मतं आणि सह्या

इतिहासात एम.ए. करायला आलेली मुलं दोन महायुद्धांमधल्या युरोपचा पेपर हौसेने घेतात. नावं ओळखीची असतात, चित्रपट पाहिलेले असतात. मात्र पहिल्या ट्यूटोरियलला बहुतेकांचं उत्तर एकाच साच्यातून येतं: व्हर्सायचा तह, अपमान, महागाई, मंदी आणि मग हिटलर. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स अशाच असतात, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मी याच वर्गात शिकले, आता इथेच शिकवते, आणि नव्याने येणाऱ्यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगते. कारणांच्या यादीपासून सुरुवात करू नका. सत्ता कुणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर सही करून दिली, तिथून सुरुवात करा.

मला हा विषय खऱ्या अर्थाने उमगू लागला तो जर्मनीतल्या निवडणुकांचे आकडे एका कोऱ्या कागदावर उतरवून काढल्यावर. तुम्हीही ते हाताने लिहा. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के, २३० जागा. आता शेजारी महागाईच्या तारखा मांडा. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते ते नोव्हेंबर १९२३ मध्ये. म्हणजे ते संकट उलटून साडेचार वर्षं झाल्यावरही या पक्षाला शंभरातल्या तिघांचीही मतं नव्हती. त्या महागाईने मध्यमवर्गाची बचत आणि विश्वास दोन्ही बुडवले, हे खरंच आहे; पण 'महागाई झाली म्हणून हिटलर आला' हे वाक्य त्या कागदापुढे टिकत नाही. मोठी उडी आहे ती १९२९ च्या जागतिक मंदीनंतरची. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे साठ लाख नोंदणीकृत बेकार होते.

कागदावरचा पुढचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नोट्समधून नेमका तोच गळतो. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हा पक्ष खाली आला: ३३.१ टक्के, १९६ जागा. चार महिन्यांत सुमारे वीस लाख मतं गेली. तरी ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. माजी चान्सेलर फॉन पापेन आणि त्यांच्याभोवतीच्या मंडळींनी वृद्ध राष्ट्राध्यक्षांचं मन वळवलं. त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते. बाकीच्यांना वाटत होतं, याला आपण मुठीत ठेवू. ओहोटी लागलेल्या पक्षाला दार आतून उघडून दिलं गेलं. मात्र दाराची कडी आधीच सैल झाली होती. १९३० पासून चान्सेलर ब्रूनिंग संसदेत बहुमत नसल्याने राज्यघटनेच्या ४८व्या कलमाखाली, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमांवर कारभार हाकत होते. संसदेवाचूनही राज्य चालतं, याची देशाला सवय झाली होती.

यानंतर दोन कागद मुळातून वाचा. इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. येल विद्यापीठाच्या अ‍ॅव्हलॉन प्रकल्पात त्या काळातले तह-करार आहेत, तर वॉशिंग्टनच्या जर्मन इतिहास संस्थेच्या संग्रहात जर्मनीतले कायदे. पहिला कागद २८ फेब्रुवारी १९३३ चा वटहुकूम. संसद भवनाला आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाषण, वृत्तपत्रं, सभा, पत्र आणि टेलिफोनची गुप्तता हे सगळे हक्क स्थगित झाले, ते राजवट पडेपर्यंत परत मिळाले नाहीत. दुसरा कागद २३ मार्चचा, सर्वाधिकार देणारा कायदा. त्यात अवघी पाच कलमं आहेत. पहिलं म्हणतं, कायदे सरकारही करू शकेल. दुसरं म्हणतं, ते कायदे घटनेला सोडून असले तरी चालतील. पाचव्यात चार वर्षांची मुदत आहे, आणि ती पुढे वाढवत नेली गेली. बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४. कम्युनिस्टांचे ८१ प्रतिनिधी सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅटांची होती, आणि त्यांचे नेते ओटो वेल्स गणवेशातल्या निमलष्करी टोळ्यांनी वेढलेल्या सभागृहात उभे राहून बोलले: स्वातंत्र्य आणि प्राण आमच्याकडून हिरावून घेता येतील, अब्रू नाही. मी हे भाषण वर्गात दरवर्षी मोठ्याने वाचून घेते. घटना बदलायला लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताची अट पुरी झाली ती कॅथलिक सेंटर पक्षाच्या मतांमुळे. त्यांनी होकार का दिला, यावर स्वतंत्र टिपण काढा.

इटलीकडे नंतर वळा, सांगाडा ओळखीचा वाटेल. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे फॅसिस्ट रोमवर चाल करून येत असताना राजाने लष्करी कायद्याच्या फर्मानावर सही नाकारली आणि मुसोलिनीला बोलावणं धाडलं. जपान मात्र या चौकटीत कोंबू नका. तिथे एकच नेता आणि एकच पक्ष नव्हता. १९३१ मध्ये चीनमधल्या मांचुरियात सैन्याने आधी कृती केली, सरकार मागून फरफटत गेलं.

युद्धाकडे जाणाऱ्या वाटेसाठी भिंतीवर युरोप-आफ्रिकेचा नकाशा लावा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे कोण अडवू शकत होतं? ऑक्टोबर १९३५ मध्ये इटली इथिओपियात घुसली. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, पण त्यांतून तेल वगळलं, सुएझ कालवाही खुला राहिला. मार्च १९३६ मध्ये जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे व्हर्सायच्या तहाने सैन्य ठेवायला मनाई केलेल्या जर्मनीच्याच पश्चिम भागात, शिरलं. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने जर्मनीला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा तोडून दिला, तोही चेक प्रतिनिधींना चर्चेत न घेता. मार्च १९३९ मध्ये प्रागही जर्मनीच्या ताब्यात गेलं. २३ ऑगस्टला सोव्हिएत-जर्मन अनाक्रमण करार झाला आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला.

१९४५ चं ज्ञान घेऊन १९३० मधल्या माणसांना जोखू नका, हे शिकायला आपल्याकडची उदाहरणं उपयोगी पडतात. रवींद्रनाथ १९२६ मध्ये इटलीत मुसोलिनीचे पाहुणे होते आणि नंतर त्यांनी जाहीर टीका केली. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये त्याला भेटले, प्रभावित झाले. त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही भेटले. नेहरूंनी १९३६ मध्ये रोममधून जाताना भेट नाकारली. चौघांपुढे कोणती माहिती होती, हे तारीखवार मांडून पाहा. आणि लढाईच्या भागाला आलात की इटलीची आघाडी वगळू नका: माणगाव भागातले, भारतीय सैन्यात नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

प्रबंधिकेचा विषय लहान घ्या. 'नाझीवादाचा उदय' नको. एका जिल्ह्यातल्या दोन निवडणुका किंवा एका मराठी वृत्तपत्राने इथिओपियाच्या युद्धाची दिलेली वर्षभराची बातमीदारी पुरेशी आहे. पुढे संशोधन करायचं मनात असेल, तर पहिल्याच सत्रात मॅक्स म्युलर भवनात जर्मनला नाव घाला. त्या काळची बरीच जर्मन वर्तमानपत्रं जुन्या फ्राक्टुर वळणात छापलेली आहेत, आणि ती अक्षरं नजरेत बसायला भाषेइतकाच वेळ लागतो.