आधी लादी गार करा
घरच्या माणसांवर कथा लिहिताना 'नात्यात गारवा आला' असं लिहू नका, तो गारवा हातापायांना लागू द्या. कथा ठाण्यातली असेल, तर तिथे हाडं गोठवणारी थंडी नसते. जानेवारीतही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटे एक शाल पुरते. म्हणून बर्फ नि धुकं उसनं आणू नका. पहाटेची लादी घ्या. लादी आणि चटई एकाच तापमानाला असतात, पण लादी तळपायातली ऊब झपाट्याने ओढून घेते, म्हणून जास्त गार लागते. आई अनवाणी ओट्याशी उभी. बाबांचा चहा निवलाय, वर साय धरलीय, कपाला कुणी हात लावत नाही. बास, भांडण वेगळं सांगायला नको. ऊब मात्र एकदाच द्या, शेवटाकडे: नुकतंच कुणी उठून गेलेल्या गोधडीत पाय सरकवल्यावर लागते तेवढीच.