गच्चीवरच्या सावलीतून ठाण्याचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत

अक्षांश-रेखांश पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढून पाहावेत. नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेषा मग कायमच्या समजतात. दिवस २० किंवा २१ मार्चचा धरा. सूर्य तेव्हा विषुववृत्तावर असतो, त्यामुळे आकडेमोड सोपी होते. २३ सप्टेंबरही चालतो, पण ठाण्यात तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि सगळी गडबड तिथेच होते. म्हणून लादीवर १२० × ७५ सेंमीचा प्लायवूड ठेवा, पाणसळ लावून समतल करा, फटीत पुठ्ठ्याच्या घड्या सारा. लांब बाजू साधारण पूर्व-पश्चिम असू द्या. दक्षिणेकडच्या कडेच्या मध्याशी काठी खालून स्क्रू मारून उभी करा. प्लायवूडच्या वर ती बरोबर १ मीटर हवी, आणि ओळंब्यात हवी.

काठीच्या बुंध्यापासून ६० सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखा. सकाळी ११ च्या सुमारास सावलीचं टोक या रेषेला टेकेल. तिथे खूण करून वेळ लिहा. दुपारी साधारण २:२५ ला ते पुन्हा टेकेल, तेव्हाही तसंच करा. सूर्य ठिपका नसून तबकडी असल्याने टोकाची कड सुमारे १ सेंमी पुसट दिसते. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरा, आणि दोन्ही वेळा तसाच धरा.

दोन खुणा जोडल्या की खरी पूर्व-पश्चिम मिळते. बुंध्यापासून या रेषेवर लंब टाका: ही उत्तर दिशा, आणि या दिवशी लंबाची लांबी म्हणजेच मध्यान्हीची सावली. ठाण्यात ती ३५ सेंमीच्या जवळ येते. कागदावर १० सेंमी उंच आणि ३.५ सेंमी पायाचा काटकोन त्रिकोण काढून वरचा कोन कोनमापकाने मोजा. १९ अंशांच्या किंचित वर भरेल. तोच आपला उत्तर अक्षांश. १ अंश म्हणजे सुमारे १११ किमी, त्यामुळे सावली १ सेंमी कमी मोजली तर ठाणं अलिबागच्या अक्षांशावर जाऊन बसतं!

सर्वात आखूड सावलीची वेळ घड्याळात पकडायला जाऊ नका. मध्यान्हानंतरच्या दहा मिनिटांत लांबी जेमतेम ३ मिमी बदलते. त्याऐवजी दोन खुणांच्या वेळांचा मध्य काढा: साधारण १२:४५. मार्चच्या या दिवसांत सूर्य घड्याळापेक्षा ७ मिनिटं मागे असतो, ती वजा करा, उरतात १२:३८. (सप्टेंबरमध्ये उलट, साडेसात मिनिटं मिळवायची.) आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. ३८ भागिले ४ म्हणजे ९.५, ८२.५ मधून वजा केले की ७३ अंश पूर्व. ही रेषा वाशीजवळून जाते.