डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये काम करायचंय?

मी मूळचा सोलापूरचा. माळढोक म्हटलं की आमच्याकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आठवतं, पण तिथे तो दिसणं दुर्मिळ झालं. म्हणून वन्यजीवशास्त्राचं शिक्षण संपल्यावर दोन हिवाळे जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये काढले. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी.

आधी नावाचा घोळ मिटवतो. हा ३१६२ चौरस किलोमीटरचा 'नॅशनल पार्क' कायद्यानं अभयारण्यच आहे. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, मेंढ्या चरतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पक्ष्यांपेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागतं. हिंदी चालते, पण थोडी मारवाडी शिकून घ्या, चहा लवकर मिळतो.

खरी कसरत सुदासरीच्या बाजूला, पार्कातल्या गोडावण दिसणाऱ्या भागात. पर्यटकाला वाटतं, इथे आहे काय, नुसती वाळू! मग गाडी रस्ता सोडून घातली तर काय बिघडलं? एकदा एका साहेबांनी ड्रायव्हरला पाचशेची नोट दाखवली, "जरा जवळ घे." त्यानं घेतली. सेवण गवताच्या झुपक्यांवरून टायर गेले, समोरच्या पक्ष्यानं चरणं थांबवून मान ताठ केली. मान ताठ झाली की समजायचं, आपण आधीच जास्त जवळ आलोय. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. एका चाकाखाली वर्षाची सगळी मिळकत जाऊ शकते. त्या दिवशी मीही गप्प बसलो, नवीन होतो ना. अजून टोचतं.

नंतर एका म्हाताऱ्या वाटाड्याकडून, काकोसांकडून, युक्ती शिकलो. 'नाही' म्हणायच्या आधी काहीतरी दाखवायचं. ते गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवत आणि सांड्याचं, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याचं, बीळ दाखवत. हिवाळ्यात सांडा आत झोपलेला, तोंड मातीनं लिंपलेलं. "आतमध्ये आहे," एवढं कुजबुजायचे, की लहान पोरंसुद्धा चवड्यांवर चालायची. तेवढ्यात मी दुर्बीण लावून दूरचा गोडावण दाखवायचो. ठिपक्याएवढा दिसला तरी कुणी कुरकुरत नसे.

ज्यांना उंट, जीप आणि ढोल हवेत, त्यांना सरळ सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पाठवा. त्यात कमीपणा नाही. तिकडची गर्दी तिकडेच राहिलेली बरी. आणि हो, गॉगल न्या, पण भडक लाल जाकीट नको. मी नेलं होतं. काकोसांनी पहिल्याच सकाळी त्यावर स्वतःची मळकी शाल टाकली.