ओठांवरील केस, थ्रेडिंग आणि सहा थेंब तेल

थ्रेडिंगनंतर माझ्या ओठांच्या वर आणि हनुवटीवर दुसऱ्याच दिवशी बारीक, पांढऱ्या टोकाच्या पुटकुळ्या उठत असत. त्यावर उपाय म्हणून मी लिंबाचे इसेन्शियल ऑइल (वनस्पतीतून काढलेले तीव्र सुगंधी तेल) थेट बोटाने चोळले आणि भर एप्रिलच्या दुपारी तुळशीबागेत खरेदीला गेले. संध्याकाळपर्यंत तिथली त्वचा भाजल्यासारखी लाल झाली आणि पुढे तो तपकिरी डाग कित्येक आठवडे राहिला. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलातील फ्युरोकुमरिन ही द्रव्ये उन्हात त्वचेला पोळवतात, हे मला त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावले. अशा तेलांनी केस मुळापासून जातात हा समजही त्यांनी खोडून काढला आणि हनुवटीवरचे केस राठ होत असल्याने पीसीओएसची (स्त्रियांमधील संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करायला सांगितली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता मी 30 मिलि जोजोबा तेलात टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या इसेन्शियल तेलाचे केवळ 6 थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, मिसळते. कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहिली, खाज आली नाही, तेव्हाच ते चेहऱ्यावर घेतले. थ्रेडिंगनंतर आधी थंड पाण्याची ओली घडी ठेवते. तेलाचा हात दुसऱ्या रात्री, त्वचा शांत झाल्यावरच फिरवते. बाटली गडद काचेची असून कपाटात राहते, कारण हवा आणि उजेड लागून जुने झालेले टी ट्री तेल त्वचेला अधिक झोंबते. पुटकुळ्या आता क्वचितच येतात.