किसुमूला सेवादौऱ्यावर निघताना : तयारीची यादी

यादीतली पहिली नोंद सामानाची नाही, पत्राची. यजमान मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, आपल्याकडून नेमकं काय हवंय, ते त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या पाळकांच्या सहीनं हातात येईपर्यंत तिकिटांची चौकशीसुद्धा करू नका. पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू शहर आणि भोवतालची खेडी आहेत. तिथल्या मंडळ्या जुन्या आणि भरलेल्या आहेत. सुवार्ता तिथं नव्यानं पोहोचवायची आहे, असा समज घेऊन कुणी निघत असेल तर त्याला बैठकीतच थांबवावं. बहुतेक वेळा त्यांची गरज साधी असते: संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर, सुट्टीतली बायबल शाळा, एखाद्या दवाखान्यात दात किंवा डोळे तपासणारं माणूस. आणि आपण ठरवून बसलेलो असतो भिंती रंगवायचं. रंगारी तिथंही आहेत, त्यांना मजुरीही हवी आहे. दहा जणांच्या विमानभाड्यात अख्खी शाळा रंगवून होईल. अनाथाश्रमाला भेट हा कार्यक्रम तर मागितला तरी घेऊ नये. मुलांना संस्थांमधून बाहेर काढून कुटुंबात परत न्यायचं, असं केनिया सरकारचं 2022 ते 2032 या काळाचं धोरण आहे. दर पंधरवड्याला नवे पाहुणे येऊन मांडीवर घेतात आणि निघून जातात, त्याचा त्रास मुलांनाच होतो.

पत्र आलं की तारखा. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. तेव्हा खेड्यांतले मातीचे रस्ते गाडीची चाकं गिळतात. शाळांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते, म्हणून मुलांचं काम असेल तर ऑगस्ट उत्तम. दुपारनंतर एखादी सर तेव्हाही येतेच, छत्री लागणारच. माणसं आठच न्या, फार तर नऊ. तिथली भाड्याची व्हॅन चौदा आसनी असते. आठ माणसं, त्यांच्या बॅगा, दुभाषा आणि ड्रायव्हर एवढ्यात ती भरते. दहावा माणूस आला की दुसरी गाडी करावी लागते आणि अंदाजपत्रक कोलमडतं.

कागदपत्रांना सहा महिने आधी हात घालावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा, आणि त्यात कोरी पानं. जानेवारी 2024 पासून केनियाचा जुना व्हिसा गेला आणि ऑनलाइन ई-टीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, आलं. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून करायचा, ज्याचा पत्ता ‘गो डॉट केई’ने संपतो, दिसायला हुबेहूब अशी दलालांची पानं दुप्पट पैसे घेतात. आता यातली खरी मेख. ई-टीए म्हणजे कामाचा परवाना नव्हे, आणि बिनपगारी सेवाही अनेकदा कामातच मोजली जाते. शिकवायचं किंवा रुग्ण तपासायचे असतील तर स्पेशल पास, म्हणजे थोड्या मुदतीच्या कामाचा परवाना, लागेल का, हे यजमानांनी त्यांच्या इमिग्रेशन कचेरीत विचारून लेखी कळवायचं. पास लागणार असेल तर अर्जही तेच करतात, आणि त्याला आठवडे जातात. अर्जात ‘पर्यटन’ लिहायचं आणि बॅगेत शिबिराचे बॅनर न्यायचे, हे करू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दोन्ही वाचता येतं. डॉक्टर आणि दंतवैद्यांना तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते, परिचारिकांना त्यांच्या परिषदेची. वाटायची औषधं न्यायची तर औषध नियंत्रकांचा आयात परवाना वेगळा. हे जमणार नसेल तर औषधं किसुमूतच विकत घ्यावीत. मुलांत काम करणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस पडताळणी दाखला पासपोर्ट सेवेतून काढून त्याची प्रत यजमानांना पाठवावी. त्यांनी मागितला नसला तरी.

पैशांचा विषय वडीलजनांच्या बैठकीत लवकर काढा. आपल्या मंडळ्या बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात, आणि न्यासाचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्या रकमेवरची आयकराची सूट धोक्यात येते. म्हणून प्रत्येकानं आपलं भाडं आणि खर्च आपल्या खात्यातून करावा. मंडळीच्या वर्गणीतून काही द्यायचं असेल तर आधी सनदी लेखापालांना विचारा, देऊन झाल्यावर नको. परकीय चलनाच्या नोटा माणशी 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात. तेवढ्या लागतही नाहीत. थोडे डॉलर आणि बाकी फॉरेक्स कार्ड पुरे. नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या मागून घ्या. जुन्या किंवा फाटक्या डॉलरला तिथले चलन बदलणारे हात लावत नाहीत. रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्याच्या सेवेवर, चालतो, केळीवालीपासून पेट्रोल पंपापर्यंत. उतरल्यावर पासपोर्ट दाखवून एक सिमकार्ड घ्या आणि खजिनदाराच्या एकाच क्रमांकावरून सगळे पैसे द्या. हिशेब आपोआप फोनमध्ये राहतो.

लशींचं वेळापत्रक चुकलं तर दौरा चुकला, त्यामुळे इथं सावकाश वाचा. पीतज्वराची लस केनियाला जाण्यासाठी जितकी लागते, त्याहून जास्त भारतात परत येण्यासाठी लागते. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच, ठरलेल्या वारी, आधी नोंदणी करून मिळते, आणि साठा संपला की तारीख पुढे जाते. म्हणून दोन महिने आधी नंबर लावा. जाताना मूळ पासपोर्ट न्या, कारण पिवळ्या पुस्तिकेत त्याचा क्रमांक लिहितात. नावाचं स्पेलिंग आणि क्रमांक तिथंच उभ्या उभ्या तपासा. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि 2016 पासून ते जन्मभर चालतं. दरम्यान पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही सोबत ठेवा. ही जिवंत लस आहे: अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर नाव पक्कं करण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं. महिला मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांची नावं यादीत घालताना हे हमखास विसरतं. विषमज्वर, कावीळ अ आणि ब, धनुर्वात हेही त्याच भेटीत बघून घ्या.

मलेरियाला लस घेऊन मोकळं होता येत नाही. नैरोबी जवळजवळ 1,800 मीटर उंचीवर आहे, तिथं डास कमी. किसुमू सुमारे 1,130 मीटरवर, पाण्याकाठी, आणि तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा. गोळी कोणती, ते डॉक्टर ठरवतील. पण मोजणी तुमची. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावर सात दिवस चालते. तेव्हा बारा दिवसांच्या मुक्कामाला माणशी 21 गोळ्या, आणि एखादी उलटून पडली तर म्हणून दोन जास्त. ती जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हानं त्वचा भाजते. लोक चुकतात ते घरी आल्यावर: बरं वाटतंय म्हणून गोळ्या थांबवतात, आणि शरीरात उरलेले जंतू तेवढंच बघत असतात. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, पायांत मोजे, उघड्या त्वचेवर डास पळवणारं डीईईटीचं मलम, आणि औषध लावलेली मच्छरदाणी. दाणी टांगायला दोरी आणि चार खिळे आपले न्या.

सरोवर सुंदर आहे. त्यात पाय बुडवू नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून येणारे बिल्हार्झियाचे जंतू कातडीतून शिरतात, आणि बाप्तिस्म्याची उपासना काठावर असेल तर पाहुण्यांनी कोरड्या जमिनीवरूनच गावं. पिण्याचं पाणी सीलबंद किंवा उकळलेलं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेल्याभर पाण्यात ते सगळं ओतलं तर जुलाब वाढतात. विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना, ते पॉलिसी उघडून बघा, कारण गंभीर रुग्णाला किसुमूहून नैरोबीला हलवावं लागतं. मोटारसायकलवरचा अपघात बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, म्हणून बोडा-बोडाला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलला, नकार.

सामान भरताना मराठी घराची सवय आडवी येते. चिवडा एका पिशवीत, चटणी दुसरीत, चपला तिसरीत. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि दंड लाखो शिलिंगांचा, कैदेचीही तरतूद. सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा. ड्यूटी फ्रीची पिशवीही विमानातच सोडा. चौकोनी तीन पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं अडॅप्टर लागतं. विजेचा दाब 240 व्होल्ट, जवळजवळ आपल्याइतकाच. नैरोबीहून किसुमूचं विमान तासाभराच्या आत पोहोचतं, पण तिकीट वेगळं काढलं असेल तर तिथली वजनाची मर्यादा मुंबईच्या तिकिटापेक्षा कमी असते आणि जादा किलोंचे पैसे काउंटरवर रोख जातात. एकाच तिकिटावर शेवटपर्यंत बॅग लावून घ्या. रस्त्यानं साडेतीनशेक किलोमीटर आहे. रात्री मुळीच निघू नका. नैरोबीत उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागे. झांजा-टाळ न्यायचे तर खालच्या बॅगेत, हातातल्या नको.

आता उपासनेची तयारी, जी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी केली जाते. लुओ लोकांची भाषा ढोलुओ, शहरात स्वाहिली आणि इंग्रजीही. मराठीतून इंग्रजी, त्यातून ढोलुओ असा दुहेरी अनुवाद टाळा. बोलणाऱ्यानं थेट साध्या इंग्रजीत बोलावं. अर्ध्या तासाच्या संदेशात तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, उरलेली दुभाष्याची. वाक्यं आखूड ठेवा आणि शब्दांवरचे विनोद गाळा. वचनांची यादी दुभाष्याला आदल्या दिवशी द्या. ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो, उत्तर ‘आमेन’. आभाराला ढोलुओत ‘एरोकामानो’. पाहुण्यांना एकेक करून उभं करतात आणि मंडळीला सलाम द्यायला सांगतात. आठही जणांनी दोन वाक्यं पाठ करून ठेवावीत, नाहीतर पहिला माणूस साक्ष सुरू करतो आणि आठव्यापर्यंत दुपार होते. उपासना तशीही तीन तासांची असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं ध्रुपद असलेलं भजन बसवून न्या. ध्रुपद दोनदा ऐकलं की सगळी मंडळी उचलते. साडी, सलवार-कमीज चालते, स्कर्ट गुडघ्याखाली. अर्पणात आलेली अंडी, कोंबडी, केळीचे घड यांचा नंतर लिलाव होतो, आपल्याकडे हंगामाच्या उपासनेत होतो तसाच. बोली लावा, पण आठ पाहुणे मिळून भाव चढवत बसू नका. घेतलेली कोंबडी तिथल्याच एखाद्या आजीला द्यावी. जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकीची पालेभाजी आणि तळलेला मासा. चाय आणि चपाती हे शब्द स्वाहिलीत आहेतच, तेवढा दिलासा.

वैयक्तिक मदतीची मागणी येईल, बहुतेक फोनवर आणि निघायच्या आदल्या रात्री. सगळ्या सदस्यांचं उत्तर एकच ठरलेलं असावं: पाळकांमार्फत, मंडळीच्या समितीकडे. एकानं खिशातून गुपचूप दिले की बाकी सात जण कंजूष ठरतात आणि पाळकांची पंचाईत होते. मुलांबरोबर कुणीही मोठं माणूस एकटं राहणार नाही, दोघं असतीलच. मुलाचा फोटो आई-वडिलांना विचारून, आणि समाजमाध्यमांवर नाव-गाव न लिहिता. औषध घेताना किंवा जेवताना कुणाचाही फोटो नको.

परतल्यावर पंधरा दिवसांत हिशेब मंडळीपुढे आणि त्याची प्रत किसुमूला. तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते ‘मी केनियाहून आलोय’. रक्ततपासणी त्याच दिवशी. खजिनदारानं सातव्या दिवशी सगळ्यांना फोन करून शेवटची गोळी घेतली का, ते विचारावं.